१९६०च्या दशकातले बीच पार्टी सिनेमे: वाळूवर कोण होतं, कोण नव्हतं?

रुपेरी_वाळू

१९६३च्या उन्हाळ्यात अमेरिकेत 'बीच पार्टी' नावाचा सिनेमा लागला. फ्रँकी अ‍ॅव्हलॉन आणि अ‍ॅनेट फुनिचेलो ही जोडी, दिग्दर्शक विल्यम अ‍ॅशर, आणि निर्मिती अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सची, म्हणजे एआयपीची. कमी पैशांत झटपट सिनेमे काढून ते ड्राइव्ह-इन थिएटरांत (गाडीत बसून सिनेमा बघायच्या उघड्या थिएटरांत) लावणं हा या कंपनीचा धंदा. सिनेमा जोरात चालला आणि रांगच लागली. १९६४ मध्ये 'मसल बीच पार्टी', 'बिकिनी बीच' आणि 'पजामा पार्टी', १९६५ मध्ये 'बीच ब्लँकेट बिंगो' आणि 'हाऊ टू स्टफ अ वाइल्ड बिकिनी'. इतर कंपन्यांनीही तोच साचा उचलला. समुद्र, सर्फिंग, गिटार, लग्नासाठी अडून बसलेली नायिका, लग्न टाळणारा नायक आणि मध्येमध्ये लुडबुड करणारे मोटरसायकलवाले. आईबाप जवळजवळ कुठेच नाहीत.

मला हे सिनेमे मनापासून आवडतात. त्यातली गाणी, ते भडक रंग, कॅमेऱ्याकडे बघून केलेला चावटपणा, सगळं आवडतं. म्हणूनच त्यातली एक गोष्ट मला सतत टोचते आणि तीच इथे मांडायची आहे.

या सिनेमांत वाळूवर पसरलेली तरुण मंडळी जवळजवळ सगळी गोरी आहेत. पण काळी माणसं सिनेमात नाहीत असं मात्र नाही. 'मसल बीच पार्टी'त स्टीव्ही वंडर आहे. तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता, त्याला 'लिटल स्टीव्ही वंडर' म्हणत आणि हे त्याचं पडद्यावरचं पहिलं दर्शन. 'बिकिनी बीच'मध्येही तो आहे. दोन्हीकडे तो येतो, गातो, पोरं बेभान होऊन नाचतात आणि तो निघून जातो. 'स्की पार्टी'त (१९६५, तीच कंपनी, किनाऱ्याऐवजी बर्फ) जेम्स ब्राऊन आणि त्याचे फेमस फ्लेम्स लोकरीचे स्वेटर घालून लॉजमध्ये शिरतात, 'आय गॉट यू' म्हणतात आणि अख्ख्या सिनेमात त्याहून जिवंत क्षण दुसरा नाही. 'बीच बॉल'मध्ये (१९६५) सुप्रीम्स या काळ्या गायिका आहेत. त्याही मंचावर. यांच्यापैकी कुणालाही गोष्टीत घर नाही, मित्र नाहीत, प्रेमप्रकरण नाही. गाणं संपलं की काम संपलं.

ही पद्धत जुनी होती. १९४०च्या दशकात एमजीएम या बड्या स्टुडिओच्या संगीतपटांत काळी गायिका लीना हॉर्न हिची गाणी अशी बेतलेली असत की दक्षिणेकडच्या राज्यांत ती कापून टाकली तरी कथेला धक्का लागू नये. बीच सिनेमांत प्रत्यक्ष कात्री चालली की नाही यापेक्षा मला रचना महत्त्वाची वाटते. काळा कलाकार कथेच्या धाग्यात कुठे गुंफलेलाच नाही.

आता खऱ्या किनाऱ्यांवर तेव्हा काय चाललं होतं ते बघा. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या किनाऱ्यावर काळ्या नागरिकांना पाय ठेवू देत नव्हते. डॉ. गिल्बर्ट मेसन यांच्या पुढाकाराने लोक पाण्यात उतरले आणि २४ एप्रिल १९६० रोजी त्यांच्यावर जमावाने लोखंडी पाइप आणि साखळ्या घेऊन हल्ला केला. अशा आंदोलनांना 'वेड-इन' म्हणत. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनमध्ये १८ जून १९६४ रोजी काळे आणि गोरे आंदोलक मिळून एका मोटेलच्या तरणतलावात उतरले, तर व्यवस्थापकाने त्या पाण्यात आम्ल ओतलं. त्याची छायाचित्रं जगभर छापली गेली. 'बिकिनी बीच' त्यानंतर साधारण महिन्याभराने थिएटरांत लागला.

फ्लोरिडातल्याच फोर्ट लॉडरडेलची गोष्ट तर आणखी थेट आहे. 'व्हेअर द बॉइज आर' हा १९६०च्या अखेरीस आलेला सिनेमा तिथे घडतो. सुट्टीत समुद्रावर आलेल्या चार कॉलेजकन्यकांची गोष्ट. त्या सिनेमामुळे ते गाव विद्यार्थ्यांच्या सुट्टीची पंढरी झालं. पण ज्या वाळूवर हे सगळं चालतं तिथे काळ्या माणसांना मज्जाव होता. त्यांच्यासाठी दूरचा एक किनारा नेमून दिला होता आणि तिथे धड रस्ताही नव्हता, होडीने जावं लागे. ४ जुलै १९६१ रोजी, सिनेमा येऊन वर्षही झालं नव्हतं, युला जॉन्सन आणि डॉ. व्हॉन मिझेल काही जणांना घेऊन शहरातल्या मुख्य किनाऱ्यावर पाण्यात उतरले. शहराने त्यांच्यावरच खटला भरला आणि १९६२ मध्ये तो हरला. आज तो दूरचा किनारा या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

म्हणून 'हे तर निरागस, हलकेफुलके सिनेमे' हे वाक्य मला अपुरं वाटतं. ज्या दशकात कोण पाण्यात उतरू शकतं यावरून माणसं रक्तबंबाळ होत होती, त्या दशकात फक्त गोऱ्यांनी भरलेला किनारा रंगवणं हा योगायोग नव्हता. तुम्हाला काय वाटतं?

अनघा_क

फार छान धागा. 'व्हेअर द बॉइज आर' मी पाहिलाय, पण फोर्ट लॉडरडेलची ही बाजू माहीत नव्हती. मोटेलच्या तलावात आम्ल ओतल्याचं वाचून सुन्न झाले. आणि वेड-इन म्हटल्यावर महाडचं चवदार तळं आठवणारच आपल्याला.

एक शंका. बिलॉक्सी, सेंट ऑगस्टिन हा सगळा दक्षिणेकडचा भाग. पण फ्रँकी-अ‍ॅनेटचे सिनेमे कॅलिफोर्नियात घडतात ना? तिथे तर असा कायदा नव्हता. मग तिथल्या किनाऱ्यावर काळी मुलं का नव्हती?

रुपेरी_वाळू

अनघा, नेमका प्रश्न. कॅलिफोर्नियात 'काळ्यांना किनाराबंदी' असा कायदा नव्हता. तिथे तेच काम जमिनीच्या व्यवहारांतून, धमक्यांतून आणि नगरपालिकेच्या ठरावांतून झालं.

मॅनहॅटन बीच या गावी विला आणि चार्ल्स ब्रूस या काळ्या दांपत्याने १९१२ मध्ये समुद्रालगत जागा घेतली आणि काळ्या कुटुंबांसाठी विश्रामस्थान सुरू केलं. जेवण, नाच, कपडे बदलायच्या खोल्या, पोहण्याचे पोशाख भाड्याने. दुसरीकडे कुठे त्यांना कुणी उभं करत नव्हतं म्हणून लोक लांबून तिथे येत. शेजारच्या गोऱ्यांनी छळ मांडला आणि १९२४ मध्ये नगरपालिकेने 'इथे उद्यान करायचंय' म्हणून ती जागा सक्तीने संपादित केली. उद्यान व्हायला त्यानंतर कित्येक दशकं गेली. ती जमीन ब्रूस यांच्या वारसांना परत मिळाली २०२२ मध्ये, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ती सुमारे दोन कोटी डॉलरना लॉस एंजेलिस काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला, विकली.

घरांचं बघा. काळ्यांना घर विकायचं नाही अशा अटी खरेदीखतांतच घातलेल्या असत. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा अटी कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत. १९६३ मध्ये, 'बीच पार्टी'च्याच वर्षी, कॅलिफोर्नियाने घरविक्रीतला भेदभाव रोखणारा रम्फर्ड कायदा केला. आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये तिथल्या मतदारांनी 'प्रपोझिशन १४' हा सार्वमताला टाकलेला प्रस्ताव घसघशीत बहुमताने मंजूर करून तो निष्प्रभ केला. सुमारे दोनतृतीयांश मतं! हे मत देणारे लोक दक्षिणेतले नव्हते, याच सूर्यप्रकाशातले होते. पुढे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. लॉस एंजेलिसजवळच्या मालिबूच्या किनाऱ्यावर राहायला कुणाला मिळायचं आणि तिथल्या वाळूवर कोण निवांत बसायचं, हे अशा व्यवहारांतून ठरत होतं.

ऑगस्ट १९६५ मध्ये त्याच लॉस एंजेलिस काउंटीत वॉट्स या काळ्यांच्या वस्तीत दंगल भडकली, ३४ माणसं गेली. तेव्हा 'हाऊ टू स्टफ अ वाइल्ड बिकिनी' लागून महिनाच झाला होता.

नाना_वाचक

अभ्यासपूर्ण लेखन, पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

मी हे सिनेमे तरुणपणी मुंबईत इंग्रजी सिनेमांच्या मॅटिनीला पाहिलेले. आम्हाला त्यातून अमेरिका कळली नाही, आनंद मात्र मिळाला. एआयपीच्या निकोल्सन आणि आर्कोफ या मालकांचा हिशेब उघड होता. लहान मूल मोठ्याचा सिनेमा बघतं, मोठं लहानाचा बघत नाही. मुलगी मुलाच्या आवडीचा बघते, मुलगा मुलीच्या आवडीचा बघत नाही. म्हणून एकोणीस वर्षांचा मुलगा धरायचा, की सगळे आपोआप येतात. असे सिनेमे दोनतीन आठवड्यांत उरकायचे आणि देशभरच्या ड्राइव्ह-इनमध्ये लावायचे. दक्षिणेतल्या थिएटरमालकांना दुखवून त्यांना परवडलं नसतं. अशा धंदेवाईक करमणुकीवर इतिहासाचं एवढं ओझं टाकायचं का? त्या काळात दुसरं काही शक्य होतं असं मला वाटत नाही. आणि दोन इटालियन वंशाची मुलं, अ‍ॅव्हलॉन आणि फुनिचेलो, 'अमेरिकन तरुणाई'चा चेहरा झाली, हेही त्या काळात लहान नव्हतं.

मध्यरात्रीचा_शो

नाना, तुमचा इटालियन वंशाचा मुद्दा मोलाचा आहे. त्यांच्या आजोबांच्या पिढीला हा मान मिळाला नसता. पण 'दुसरं काही शक्य नव्हतं' याला मी ठामपणे नाही म्हणेन.

एप्रिल १९६४ मध्ये सिडनी पॉइटिए या काळ्या नटाला प्रमुख भूमिकेचं ऑस्कर मिळालं. सप्टेंबर १९६५ मध्ये 'आय स्पाय' ही मालिका घरोघरच्या टीव्हीवर आली, तिच्या दोन नायकांपैकी एक काळा होता. म्हणजे प्रेक्षक बघत होता.

सगळ्यात मोठा पुरावा एआयपीच्याच घरात आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये सांता मोनिकाच्या सिव्हिक ऑडिटोरियममध्ये 'टी.ए.एम.आय. शो' चित्रित झाला. चक बेरी, सुप्रीम्स, मार्व्हिन गे, जेम्स ब्राऊन हे काळे कलाकार आणि बीच बॉइज, रोलिंग स्टोन्स हे गोरे बँड, सगळे एका मंचावर. समोर तिथल्याच शाळांची मुलं, तिकिटं त्यांना फुकट वाटलेली. नाचणाऱ्या ताफ्यात काळे-गोरे एकत्र. जेम्स ब्राऊनचा तो कार्यक्रम ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा, तो गुडघ्यावर कोसळतो, त्याच्या खांद्यावर झूल टाकतात, तो झटकून परत माइककडे धावतो! हा सिनेमा वितरित केला एआयपीने. त्याच वर्षी ती 'बिकिनी बीच' काढत होती. म्हणजे काळे-गोरे तरुण एकत्र दाखवले तर पडदा फाटत नाही, हे कंपनीला माहीत होतं. फक्त गोष्ट सांगताना ती तिथवर गेली नाही.

आणि पुढचं ऐका. १९७२ मध्ये याच एआयपीने 'ब्लॅक्युला' काढला, १९७३ मध्ये काळी नायिका पॅम ग्रिअर हिचा 'कॉफी'. त्याच वर्षीच्या 'ब्लॅक सीझर'ला संगीत जेम्स ब्राऊनचं. आठ वर्षांपूर्वी ज्याला स्वेटर घालून एका गाण्यापुरतं आत घेतलं, त्याच्या जोरावर कंपनी आता काळ्या प्रेक्षकांचे पैसे मोजत होती. तिकीट काढणारे काळे प्रेक्षक १९६४ मध्येही होतेच की.

एक गोष्ट राहिली. ते सिव्हिक ऑडिटोरियम ज्या भागात उभं आहे तिथे आधी बेलमार नावाची काळ्या लोकांची वस्ती होती. १९५०च्या दशकात नगरपालिकेने ती संपादित करून पाडली. आता तिथे बेलमारच्या नावाचं उद्यान केलंय.

दर्यावर्दी

मी लॉस एंजेलिसजवळ राहतो. सांता मोनिकात बे स्ट्रीट जिथे समुद्राला मिळतो तिथे २००८ मध्ये बसवलेला एक फलक आहे. या पट्ट्याला एकेकाळी 'इंकवेल' म्हणत. काळी कुटुंबं इथे समुद्रस्नानाला येत, कारण इतरत्र त्यांना त्रास व्हायचा. फलकावर निक गॅबल्डन याचं नाव आहे. वडील मेक्सिकन वंशाचे, आई काळी. सांता मोनिका हायस्कूलचा विद्यार्थी, नंतर नौदलात. इंकवेलच्या पाण्यात तो फळीवर उभा राहायला शिकला. मालिबूच्या लाटा त्याला खुणावत होत्या, पण तिथे जायचं कसं? तो फळीवर पालथा पडून हातांनी वल्हवत सांता मोनिकाहून मालिबूपर्यंत जायचा, साधारण १२ मैल. तिथे लाटा घ्यायच्या आणि परत. जून १९५१ मध्ये मोठ्या लाटेवर असताना मालिबूच्या धक्क्याच्या खांबांवर आदळून तो गेला. वय २४.

आठ वर्षांनी, १९५९ मध्ये, मालिबूच्या याच लाटांवर बेतलेला 'गिजेट' पडद्यावर आला आणि अमेरिकेला सर्फिंगचं वेड लागलं. त्यात निकसारखं कुणी नाही. मालिबूचा पहिला काळा सर्फर ज्याला मानतात त्याची गोष्ट या सगळ्या सिनेमांपेक्षा जास्त थरारक आहे, आणि तेव्हा ती कुणी पडद्यावर सांगितली नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

'गिजेट'मध्येही एक लपलेली गोष्ट आहे. मूळ १९५७ची कादंबरी फ्रेडरिक कोनर यांची. ते युरोपातून आलेले ज्यू पटकथालेखक, नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडलेले. मालिबूत सर्फिंग शिकणारी मुलगी म्हणजे त्यांचीच कन्या कॅथी. तिने घरी येऊन सांगितलेल्या किश्श्यांवरून त्यांनी पुस्तक लिहिलं. पडद्यावर मात्र ती फ्रान्सी लॉरेन्स झाली, सोनेरी केसांची सँड्रा डी. निर्वासित ज्यू घर पुसलं गेलं आणि कुठल्याही उपनगरातलं एक सर्वसाधारण गोरं घर आलं. वाळूवरचा गोरेपणासुद्धा असा हाताने घडवलेला आहे.

आता हवाई. लाटेवर उभं राहणं ही हवाई बेटांची शेकडो वर्षांची विद्या. राजेराण्याही त्यात तरबेज असत. १८९३ मध्ये अमेरिकन व्यापारी आणि मळेवाल्यांनी तिथली राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलं, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेने गिळली. १९०७ मध्ये जॉर्ज फ्रीथ हा अंशतः हवाईयन वंशाचा तरुण कॅलिफोर्नियात आला. रेल्वे आणि जमिनींचा बडा मालक हंटिंग्टन याने त्याला रिडॉन्डो बीचवर सर्फिंगच्या प्रात्यक्षिकांसाठी ठेवलं, लोक बघायला येतील आणि जागा विकल्या जातील म्हणून. मग ड्यूक कहानामोकू. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक, ऑस्ट्रेलियापर्यंत सर्फिंग पोचवणारा माणूस. १९२५ मध्ये न्यूपोर्ट बीचजवळ एक बोट उलटली तेव्हा ड्यूकने आपल्या फळीवरून खेपा करत आठ जणांना वाचवलं. हॉलिवूडने या माणसाला किरकोळ भूमिका दिल्या. १९५५च्या 'मिस्टर रॉबर्ट्स'मध्ये तो बेटावरचा टोळीप्रमुख आहे, बस.

आणि 'गिजेट'मधल्या सर्फर टोळीचा म्होरक्या कोण? 'काहूना' म्हणवून घेणारा क्लिफ रॉबर्टसन. हवाईतली मानाची पदवी गोऱ्या भटक्याला आणि हवाईयन माणूस चौकटीबाहेर. तो सिनेमा आला त्याच वर्षी हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं.

दोन वर्षांनी 'ब्लू हवाई'. एल्व्हिसची प्रेयसी माइली अर्धी हवाईयन दाखवलीय, भूमिका जोन ब्लॅकमन या गोऱ्या अभिनेत्रीकडे.

अनघा_क

दर्यावर्दी, निक गॅबल्डनबद्दल लिहिलंत त्यासाठी मनापासून आभार. १२ मैल हातांनी वल्हवत! यावर सिनेमा व्हायला हवा.

शेवंता

सगळे वंशाबद्दल बोलताहेत, ते योग्यच आहे. मला बायकांबद्दल लिहायचंय.

या सिनेमांच्या नावातच बिकिनी आहे आणि कॅमेरा सारखा पोरींच्या कमरेवर. डी डी, म्हणजे अ‍ॅनेट, हिला पूर्ण मालिकेत हवं काय, तर लग्न. पण तिच्याकडे नुसतं 'बाहुली' म्हणून बघू नका. ती फ्रँकीला ठणकावून सांगते की मी तुझ्या मर्जीवर चालणारी नाही. त्या वयाच्या मुलीने पडद्यावर 'नाही' म्हणणं आणि गोष्टीने ते 'नाही' मानणं, याची किंमत मला वाटते. 'व्हेअर द बॉइज आर'मध्ये तर एका मैत्रिणीवर बलात्कार होतो आणि सिनेमा तिथे थबकतो. १९६० साली तरुणांच्या सिनेमात हे आलं. मात्र शिक्षा त्या मुलीलाच झाल्यासारखी मांडणी आहे, आणि ते आजही पचत नाही.

स्टेफनी रॉथमनचं नाव इथे यायलाच हवं. या लाटेतली ही एकटी स्त्री दिग्दर्शक. तिचा 'इट्स अ बिकिनी वर्ल्ड' १९६७ मध्ये लागला, लाट ओसरल्यावर. नायिका डेबोरा वॉली स्वतःवर खूश असलेल्या नायकाला खेळांच्या स्पर्धांत सरळ आव्हान देते. साचा तोच, पण मुलीला काहीतरी जिंकायचंय, आणि ते 'काहीतरी' म्हणजे नवरा नाही. टॉइज या काळ्या मुलींच्या गटाचं गाणं आहे त्यात. तेही मंचावरच, हे खरं.

नायक आहे टॉमी कर्क, आणि त्याचं आयुष्य या विषयाशी घट्ट बांधलेलं आहे. डिस्नीचा लाडका बालनट. तो समलिंगी आहे हे कळल्यावर डिस्नीने त्याचा करार संपवला. मग एआयपीने त्याला 'पजामा पार्टी'त घेतलं, मंगळावरून आलेल्या तरुणाच्या भूमिकेत, अ‍ॅनेटच्या प्रेमात पडणारा. १९७०च्या दशकात त्याने मुलाखतीत आपली गोष्ट स्वतः सांगितली. 'राइड द वाइल्ड सर्फ'मधला (१९६४) टॅब हंटर, त्यानेही आपल्या समलिंगी असण्याबद्दल कित्येक वर्षांनी आत्मचरित्रात लिहिलं. म्हणजे वाळूवर जे दिसत होते त्यांच्यापैकीही काहींना स्वतःसारखं दिसण्याची मुभा नव्हती. 'स्की पार्टी'त दोन नायक बायकांचे कपडे घालून वावरतात आणि एक जण त्यातल्या एकीच्या, म्हणजे एकाच्या, प्रेमात पडतो. हसायला ते चालत होतं. जगायला नाही.

सॅक्सोफोन

संगीतावर थोडं.

या किनाऱ्यांचा जो आवाज आपल्या कानात आहे, तो झणझणीत गिटार, तो डिक डेलचा. 'बीच पार्टी' आणि 'मसल बीच पार्टी' दोन्हींत तो वाजवताना दिसतो. मूळ नाव रिचर्ड मन्सूर, वडील लेबनॉनी वंशाचे. १९६२ मध्ये त्याने गाजवलेलं 'मिझर्लू' ही पूर्व भूमध्य समुद्राकाठची जुनी धून. तारा इतक्या वेगाने छेडण्याची त्याची रीत घरातल्या अरबी वादनातून आलेली. म्हणजे 'कॅलिफोर्नियाचा आवाज' बैरूतहून आला!

बीच बॉइजचं १९६३ मधलं 'सर्फिन यू.एस.ए.' घ्या. चाल चक बेरीच्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची. सुरुवातीला तबकडीवर बेरीचं नाव नव्हतं, हक्क त्याच्या प्रकाशकांकडे गेले आणि नाव पुढे लागलं. सर्फ संगीताच्या मुळाशी काळ्यांचं रिदम अँड ब्लूज आहे. ते वजा केलं तर उरतं फार थोडं.

रुपेरी_वाळू यांनी लिहिलेलं 'गाणं संपलं की काम संपलं' वाचून मला आपल्याकडचे गोव्याचे वादक आठवले. हिंदी सिनेमासंगीतातली कित्येक वर्षांची वाद्यरचना, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांच्या हातची. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही आहे. पण त्याच काळात कथेतलं ख्रिश्चन पात्र बघा: दारुडा, गुंडाचा हस्तक किंवा क्लबात नाचणारी. परिस्थिती वेगळी, इतिहास वेगळा, दोन्ही एका मापाने मोजू नयेत. तरी 'तुमचं वाजवणं हवं, तुमचं घर पडद्यावर नको' हा व्यवहार ओळखीचा वाटतो.

रुपेरी_वाळू

शेवंता, सॅक्सोफोन, तुमच्या प्रतिसादांनी धागा खूप पुढे गेला.

एक बाजू अजून आली नाही. 'पजामा पार्टी'त बस्टर कीटन आहे, मूकपटांचा तो महान कलावंत, मृत्यूआधी जेमतेम सव्वा वर्ष. भूमिका कोणती, तर 'चीफ रॉटन ईगल' नावाचा आदिवासी अमेरिकन सरदार. डोक्यात पिसं, मोडकंतोडकं इंग्रजी. 'हाऊ टू स्टफ अ वाइल्ड बिकिनी'त तो दक्षिण सागरातल्या बेटावरचा मांत्रिक. १९६६च्या 'घोस्ट इन द इनव्हिजिबल बिकिनी'त बेनी रुबिन हा ज्यू विनोदी नट 'चिकन फेदर' नावाचा आदिवासी होतो. काळ्या रंगाचं सोंग तोपर्यंत सभ्य समाजात लाजिरवाणं ठरलं होतं, पण आदिवासींचं सोंग बिनदिक्कत चालू होतं. किनाऱ्यावर वाढलेल्या चुमॅश जमातीची भूमी ती, मालिबूची सगळी वाळू त्यांची, आणि तिथे आदिवासी येतो तो पिसं लावलेल्या म्हाताऱ्या विदूषकाच्या रूपात.

आशियाई चेहराही असाच. 'वाइल्ड बिकिनी'त फ्रँकी नौदलाच्या सेवेसाठी बेटावर जातो. तिथल्या 'नेटिव्ह' मुलीच्या भूमिकेत आयरीन त्सू, जन्म शांघायचा. चिनी अभिनेत्री पॉलिनेशियन म्हणून चालते, कारण लेखकाला एक 'दूरदेशीची' मुलगी हवी असते, कुठली ते महत्त्वाचं नसतं.

मध्यरात्रीचा_शो

याच काळातला 'हॉरर ऑफ पार्टी बीच' (१९६४) कुणी पाहिलाय? किनारा, गाणी आणि समुद्रातले राक्षस. त्यात युलाबेल मूर घरातल्या मोलकरणीच्या भूमिकेत आहे, जादूटोण्याला घाबरणारी, जुन्या साच्यातली. पण राक्षस कशाने मरतो हे सापडतं तिच्याच हातून! सोडियमचं भांडं तिच्या धक्क्याने सांडतं आणि सुगावा लागतो. श्रेय अर्थातच शास्त्रज्ञ घेतो. या सगळ्या सिनेमांत काळ्या स्त्रीला कथेत जागा मिळालेली ही एक दुर्मीळ जागा, आणि तीही स्वयंपाकघरातून.

नाना_वाचक

सगळे प्रतिसाद वाचले. टी.ए.एम.आय. शोचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कीटनला त्या पिसांत पाहताना मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, पण ते त्या कलावंतासाठी. ज्यांचं सोंग काढलं त्यांच्यासाठी वाईट वाटायला हवं हे आज तुमच्या लिखाणातून पोचलं.

माझं प्रेम मात्र कमी होणार नाही. एक बाजू मी जोडतो. मोटरसायकलवाल्या टोळीचा म्होरक्या एरिक व्हॉन झिपर, हार्वी लेम्बेकने रंगवलेला. बोलणं न्यूयॉर्कच्या गल्लीतलं, कातड्याचं जाकीट, अडाणी, सतत तोंडघशी पडणारा. सर्फर पोरांकडे मोकळा वेळ आणि गाड्या आहेत, पैसा कुठून येतो कुणी विचारत नाही. याला मात्र घाम आहे, आणि तोच हास्यास्पद. रंगाच्या बरोबरीने वर्गाचीही रेघ त्या वाळूवर होती.

अनघा_क

नाना, हा मुद्दा आवडला. आता माझा शेवटचा प्रश्न. माझी मुलगी डिस्नीचा 'टीन बीच मूव्ही' बघते. त्यात सगळ्या वर्णांची मुलं एकत्र सर्फिंग करतात, तेही १९६२ सालच्या सिनेमात शिरल्यावर. तिला वाटतं तेव्हा असंच होतं. काय सांगू?

रुपेरी_वाळू

अनघा, या प्रश्नावर मी बराच विचार केलाय.

'टीन बीच मूव्ही' २०१३चा, चित्रीकरण पोर्तो रिकोत. आजची दोन मुलं 'वेट साइड स्टोरी' नावाच्या काल्पनिक जुन्या सिनेमात अडकतात. तिथल्या टोळ्यांत जॉर्डन फिशर आहे, क्युबन वंशाची क्रिसी फिट आहे. मुलीला तो खुशाल बघू द्या. काळ्या, तपकिरी मुलाला वाळूवर नाचताना, प्रेमात पडताना, चुका करताना बघणं हे मोठं सुख आहे आणि १९६४च्या मुलांना ते मिळालं नाही. त्याआधी १९८७ मध्ये फ्रँकी आणि अ‍ॅनेट 'बॅक टू द बीच'मध्ये परतले. दिग्दर्शक लिंडल हॉब्स, स्त्री. फिशबोन या लॉस एंजेलिसच्या काळ्या बँडबरोबर अ‍ॅनेट 'जमैका स्का' म्हणते, धमाल आहे. पण तेव्हाही काळी माणसं आली ती बँड म्हणूनच. त्या हिशेबाने २०१३चा सिनेमा पुढे गेला, कारण तिथे ती टोळीतली मुलं आहेत.

अडचण एकच: १९६२चा किनारा असा मोकळा रंगवला की ज्यांनी तो मार खाऊन मोकळा केला ती माणसं गायब होतात. म्हणून मुलीला दोन्ही दाखवा. आधी तिचा 'टीन बीच', मग 'मसल बीच पार्टी'तला स्टीव्ही वंडरचा प्रवेश, आणि तिलाच विचारा की हा मुलगा गाणं संपल्यावर कुठे गेला असेल. नंतर बिलॉक्सीच्या वेड-इनची छायाचित्रं. वय लहान असेल तर आम्लाचं थांबवा, ब्रूस दांपत्याची गोष्ट सांगा, ती मुलांना नीट कळते. मोठ्यांसाठी माझा क्रम: 'व्हेअर द बॉइज आर', 'बिकिनी बीच', 'टी.ए.एम.आय. शो', 'इट्स अ बिकिनी वर्ल्ड'. यातलं काही कुठे बघायला मिळतं हे कुणाला ठाऊक असेल तर खाली लिहा. आणि दर्यावर्दी, सवड झाली की निक गॅबल्डनवर स्वतंत्र धागा काढाच.